पाटीवरचं 'इंटरनॅशनल'
शाळेच्या पाटीवर 'इंटरनॅशनल' लिहायला रंगाचा डबा पुरतो. पुण्या-मुंबईतले आईबाप मात्र पोहण्याचा तलाव, एसी बस आणि बीनबॅगवर लोळणारी मुलं पाहून चेक फाडतात. अशा शाळा ज्या 'आयबी'चं (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) नाव घेतात, ती १९६८ साली जिनिव्हात सुरू झालेली संस्था. प्राथमिक, माध्यमिक, डिप्लोमा अशा प्रत्येक अभ्यासक्रमाला ती वेगळी मान्यता देते. एकाची मिळाली म्हणजे दुसऱ्याची मिळालीच असं नाही, आणि 'कँडिडेट स्कूल' म्हणजे मान्यता अजून यायचीय. माहितीपत्रकात हे बारीक अक्षरात असतं, असलंच तर! आणि मराठी आयबी शाळेतही टळत नाही. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने पहिली ते दहावी ती सक्तीची आहे. तेव्हा फी भरण्याआधी आयबीच्या संकेतस्थळावर शाळेचं नाव शोधा, आणि शाळेत शिक्षक किती वर्षं टिकतात तेवढं नक्की विचारा.