तीन रत्ने : दोन परंपरा

चीनमधील ताओ परंपरेची ओळख करून घ्यावयाची असल्यास ‘ताओ ते चिंग’ या ग्रंथापासून आरंभ करावा. परंपरेने तो लाओत्से यांच्या नावे सांगितला जातो. त्याच्या 67 व्या प्रकरणात तीन रत्ने येतात : करुणा, काटकसर आणि जगात पुढे होण्याचा हव्यास नसणे. काटकसरीतूनच औदार्य शक्य होते, हा तेथील विचार व्यापारी घरांना ओळखीचा वाटेल. मात्र ही रत्ने म्हणजे आपले रत्नत्रय नव्हे. सम्यक् दर्शन, ज्ञान व चारित्र हा मोक्षमार्ग. लाओत्से सांगतात ती जगण्याची आणि राज्यकारभाराची रीत. दुसऱ्याचे म्हणणे त्याच्याच अर्थाने समजून घेण्यातच अनेकांताची कसोटी आहे. दुकान उघडण्यापूर्वी रोज एक प्रकरण वाचावे. 81 दिवसांत ग्रंथ पूर्ण होईल.