फटफटीचा जीर्णोद्धार

देवळाच्या काळ्या दगडाला ऑइल पेंट फासून आणि गाभाऱ्याला न्हाणीघराच्या फरशा लावून ज्यांनी गावोगाव जीर्णोद्धार केले, त्यांचे वंशज हल्ली काय करतात, असा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. उत्तर मिळालं. ते जुन्या मोटारसायकली 'रिस्टोअर' करतात.

गैरसमज नको. जुन्या फटफटीवर जीव टाकणाऱ्यांशी माझं भांडण नाही. १९६१ पासून म्हैसूरला तयार होऊ लागलेली जावा, १९७३ साली बारसं बदलून झालेली येझदी आणि १९५५ साली मद्रासला बिऱ्हाड थाटलेली बुलेट, ही मला घरच्या वडीलधाऱ्यांसारखी आहेत. त्यातून जावाने तर किक आणि गिअर दोन्ही कामं एकाच दांड्यावर भागवली. असली काटकसर बँकेतल्या माणसाला आवडणारच! माझं भांडण आहे ते या वडीलधाऱ्यांचे केस रंगवून, कवळी बसवून त्यांना दिवाणखान्यात मांडणाऱ्यांशी.

यांची पद्धत ठरलेली. पुण्याच्या जुन्या बाजारात, नाहीतर खेड्यातल्या एखाद्या गोठ्यात कोंबड्यांच्या खुराड्याखाली गाडी सापडते. "न्या की राव, जागा अडलीया," मालक म्हणतो. हे ती भंगाराच्या भावाने उचलतात आणि मग छळ सुरू होतो. वर्षानुवर्षं उन्हात पिकलेला रंग, गुडघे घासून टाकीवर पडलेले चट्टे, कुणीतरी हौसेने काढून घेतलेलं नाव, सगळं पत्र्यापर्यंत खरवडायचं. मग रंग असा, की कारखान्यातून निघतानासुद्धा बिचारी एवढी चकाकत नसेल. क्रोम असं, की समोर बसून दाढी करावी. आणि शेवटी काय? वर चादर!

"चालवत नाही का हो?"

"छे छे! ओरखडे पडतील. इन्व्हेस्टमेंट आहे ती."

इथे माझ्यातला बी.कॉम. पेटतो. यंत्र वापरलं की झिजतं आणि दरवर्षी त्याची किंमत खाली येते, याला आम्ही घसारा म्हणतो. यंत्राने काम केल्याची ती पावती असते. यांना मात्र घसारा उलट्या दिशेने हवा. अहो, गुंतवणूकच करायची तर मुदत ठेव काय वाईट? तिला किक मारावी लागत नाही, तिचं तेल फरशीवर गळत नाही. फटफटी लॉकरमध्ये मावेल का, हे विचारायला यांच्यापैकी कुणी अजून आमच्या काउंटरवर आलेलं नाही, एवढंच. पण या गुंतवणुकीपायी भाव चढतात आणि ज्या पोराला ती खरोखर चालवायची आहे, तो नुसता फोटो बघत बसतो.

सरकारही यांना सामील झालं. २०२१ साली नियम आला. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या खेपेला ५,०००. नंबरात 'व्हीए' अशी अक्षरं मिळतात. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कारणांपुरतीच. मी असतो तर रोज पेट्रोलच भरायला निघालो असतो आणि पंप लोणावळ्याचा निवडला असता! साध्या नोंदणीचं दर ५ वर्षांनी नूतनीकरण करून गाडी पळवणारेही आहेत. त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

"पण आम्ही वारसा जपतो," असं हे म्हणतात. कुठला वारसा? म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. तेव्हा तिशीत असलेला मिस्त्री आज साठीच्या घरात आहे. प्लॅटिनम पॉइंटच्या फटीत सिगारेटचा पातळ कागद धरून तो चाक हळूच फिरवतो. कागद सैल सुटला की ठिणगीची वेळ कळते. पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेल जळून सायलेन्सर कोंदलाय का, हे तो नुसत्या आवाजावरून सांगतो. खरा वारसा तो. पण रंगवाल्याला मागेल ते देणारे हे रसिक मिस्त्रीच्या मजुरीला कोथिंबिरीच्या जुडीसारखी घासाघीस करतात. मग त्याचा मुलगा मोबाइलच्या दुकानात बसला, तर आश्चर्य कसलं? आमच्या ओळखीचे एक चाचा म्हणतात, "साहेब, गाडी चालून नाय मरत, बसून मरते." विद्येचंही तेच आहे.

तेव्हा ब्रेक, टायर, वायरिंग जरूर नवं घाला, त्यात जिवाचा प्रश्न आहे. पत्रा कुजला असेल तर बदला. बाकी तिच्या सुरकुत्या तिच्याजवळ राहू द्या. मिस्त्रीला पूर्ण मजुरी मोजा आणि त्याच्या हाताखाली एखादं पोरगं उभं राहील असं बघा. मग चादर काढा आणि मारा किक. पहिल्या किकला सुरू होणार नाहीच. दहावीपर्यंत धीर धरा. धुराने शेजारी भांडायला आले, तर त्यांना मागच्या सीटवर बसवून एक फेरी मारून आणा.