छत्तीसशे रुपयांत लखनौला घर दाखवा!



युनियनच्या कामासाठी लखनौला गेलो असता, खानदेशातून तिकडे नव्याने भरती झालेल्या एका तरुण साथीबरोबर आम्ही दोन दिवस घर शोधत हिंडलो. आलमबाग, मानकनगर, आशियाना असा कारखान्याला जवळ पडणारा सगळा भाग पालथा घातला. मागणी काय, तर झोपायची एक खोली, स्वयंपाकघर आणि स्वतंत्र संडास-न्हाणी. बायको-मूल आणायचे तर एवढे लागतेच. सर्वांत स्वस्त जागा निघाली साडेसात हजारांची, तीही तिसऱ्या मजल्यावर. एका मालकाने आधी जात विचारली, मग मांसमच्छी. (रेल्वेचा पगार वेळेवर होतो, एवढे मात्र त्यांना पसंत पडले!) उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्याने अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही. पण लेखी करार करायलाच कोणी तयार नव्हते.

या साथीला घरभाडे भत्ता मिळतो ३,६०० रुपये.

हा आकडा आला कुठून? सहाव्या आयोगाचे दर होते ३०, २० आणि १० टक्के. सातव्याने ते २४, १६, ८ वर आणले. लागू केले १ जुलै २०१७ पासून. म्हणजे जानेवारी २०१६ पासूनच्या अठरा महिन्यांचा फरक सरकारने गिळला! लखनौ 'वाय' वर्गात. १८,००० मूळ पगाराचे १६ टक्के २,८८० होतात, म्हणून किमान ३,६०० ठरवले. पुढे जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता ५० टक्क्यांवर गेला, दर २० टक्के झाला, वाढ दिल्याचा गाजावाजा झाला. पण १८,००० चे २० टक्के किती? तेच ३,६००! २०१७ साली लागलेल्या कामगाराला जेवढे, तेवढेच २०२४ साली लागलेल्याला. महागाई निम्म्याने चढली हे सरकार स्वतः मान्य करते, मग घरमालकाचे भाडे काय महागाईच्या बाहेर आहे?

क्वार्टर मागा, असे साहेब सांगतात. मागितले आहे. यादीत नंबर लागेपर्यंत त्याने राहायचे कुठे, हे मात्र कोणी सांगत नाही.

पोस्टातल्या बंधूंनाही हेच कोष्टक आहे, आणि नागपूर, नाशिक याच 'वाय' वर्गात आहेत. आठवा आयोग नेमला गेला आहे. किमान भत्ता महागाई भत्त्याबरोबर वाढलाच पाहिजे, ही आमची मागणी. प्रत्येक शाखेने सभासदांच्या भाडेपावत्या गोळा करून मध्यवर्ती कचेरीकडे ताबडतोब पाठवाव्यात. पावती मिळत नसेल तेथे तसे लिहून सही घ्यावी.