मत दिले, पण मोजले कसे?

मताचा अधिकार मिळाला की प्रतिनिधित्व आपोआप मिळते, असा समज आपल्या समाजात रुजला आहे. इतिहास वेगळे सांगतो. जर्मनीतील प्रशिया राज्यात १८४९ पासून १९१८ पर्यंत भरलेल्या करानुसार मतदारांचे तीन वर्ग होते. मूठभर धनिकांच्या वर्गाला जितके वजन, तितकेच लाखो श्रमिकांच्या वर्गाला! १९१३ मध्ये समाजवादी पक्षाला २८ टक्क्यांहून अधिक मते पडली; जागा मिळाल्या ४४३ पैकी अवघ्या १०.

नियमाची ही ताकद बाबासाहेबांनी पुरती ओळखली होती. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत मालमत्ता, कर व शिक्षणाच्या अटींमुळे बहुसंख्य गोरगरीब यादीबाहेरच होते. मात्र बहुसदस्य मतदारसंघात जितक्या जागा तितकी मते मिळत आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. भायखळा-परळमध्ये बाबासाहेबांनी काँग्रेसचे बाळू पालवणकर यांना हरवले. स्वतंत्र मजूर पक्षाचे १७ पैकी १४ उमेदवार निवडून आले. त्यांत आपल्या कुलाब्याचे सुरबानाना टिपणीस होते. म्हणूनच त्याच वर्षी १७ सप्टेंबरला खोती नष्ट करण्याचे विधेयक सभागृहात येऊ शकले. सत्ताधारी काँग्रेसपुढे ते अडले. खोती कायद्याने गेली ती १९४९ मध्ये.

१९५२ ला प्रौढ मताधिकार आला, पण मते एकवटण्याची मुभा गेली. उत्तर मुंबईत दोन जागा, मतदाराला दोन मते. मात्र एका उमेदवाराला एकच. बाबासाहेब सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. पराभवाची कारणे इतरही होती. पण आपल्या मतदाराच्या हातातले जुने हत्यार काढून घेतले गेले होते, हे विसरता येत नाही.

आज पनवेलमध्ये काय आहे? महापालिकेच्या २०१७ च्या पहिल्या निवडणुकीत ७८ पैकी ५१ जागा भाजपला, २७ शेकाप आघाडीला; शिवसेनेला शून्य. बहुसदस्य प्रभागात प्रत्येक जागेसाठी वेगळे मत. त्यामुळे प्रभागात ज्याचे बहुमत, त्याचे अख्खे पॅनेल! राखीव जागेवरचा नगरसेवकही त्याच बहुमताच्या मर्जीतला. प्रभागातला चौथा हिस्सा एकदिलाने उभा राहिला, तरी त्याच्या वाट्याला भोपळा.

चारही मते एका उमेदवाराला देण्याची मुभा हवी, ही मागणी आपण विधिमंडळाकडे का करू नये? ती नवी नाही, १९३७ ला याच भूमीत अमलात होती. निकालाच्या रात्री फुटीर कोण याचा शोध घेणारे आपले कार्यकर्ते, प्रभागरचनेच्या मसुद्यावर हरकत नोंदवायच्या दिवशी कुठे असतात?