शोरूम की गॅरेज? आधी बिल वाचायला शिकूया!



"अभ्यास केला नाहीस तर गॅरेजवर पाने फिरवत बसशील!" हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी मुलांना ऐकवलं आहे? मीही ऐकवलंय. पण गाडी बिघडली की आपण शिकली-सवरलेली मंडळी त्याच पाने फिरवणाऱ्यासमोर हात बांधून उभे राहतो. मग प्रश्न पडतो, गाडी शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची की ओळखीच्या मेकॅनिककडे?

माझं मत सरळ आहे. वॉरंटी असेपर्यंत शोरूम. दोष असलेला भाग वॉरंटीत असेल तर तो मोफत बदलून मिळतो आणि सर्व्हिसची नोंद राहते. कंपनीने दोषामुळे गाड्या परत बोलावल्या तर ती दुरुस्तीही तिथेच फुकट होते. मात्र 'फ्री सर्व्हिस' म्हणजे सहसा फक्त मजुरी फुकट! ऑइल आणि फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात.

वॉरंटी संपली की ऑइल बदलणे, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बॅटरी अशा नेहमीच्या कामांसाठी चांगला मेकॅनिक शोधावा. मजुरी कमी पडते. शिवाय गाडीखाली शिरणाऱ्या माणसाशीच थेट बोलता येतं.

माझाच अनुभव सांगतो. माझी गाडी आठ वर्षांची. गतिरोधकावरून जाताना पुढून खडखड आवाज यायचा. एका सर्व्हिस सेंटरने सस्पेन्शनचे बरेच भाग बदलावे लागतील म्हणून १८,००० रुपयांचा अंदाज दिला. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने मला शेजारी बसवून एक चक्कर मारली, गाडी जॅकवर चढवली आणि झिजलेला लिंक रॉड माझ्या हातात ठेवला. दोन्ही बाजूंचे बदलून २,२०० रुपये झाले. आवाज बंद!

यावरून शोरूमवाले सगळे लुटारू असं समजू नका. गॅरेजमध्येही डुप्लिकेट भाग गळ्यात मारले जातात आणि पक्कं बिल मागितलं की चेहरे पडतात. म्हणून कुठेही जा, तीन गोष्टी मागा: कामाआधी लेखी अंदाज, कामानंतर काढलेला जुना भाग आणि पक्कं बिल. वाचल्याशिवाय सही करू नका.

काही जण म्हणतील, "बाहेरच्या मेकॅनिकला नव्या गाड्या कुठे कळतात?" बऱ्याचदा हे खरं असतं. पण त्यात दोष फक्त त्याचा आहे का? भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून २,५०० कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना सहज मिळू दिली जात नाहीत, हा मुख्य ठपका होता. कंपन्यांनी त्या आदेशाला आव्हान दिलं. पुढे २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा अधिकार' पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनांचाही समावेश आहे. म्हणजे पुस्तकच हाती द्यायचं नाही आणि वर नापास करायचं, असा हा प्रकार! शिक्षकांना हे वेगळं समजावायला नको.

आणखी एक गोष्ट. मध्यंतरी डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला. त्याच मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, "सर, हे माझं काम नाही. याला मी हात लावणार नाही. शोरूमलाच न्या." हातचं गिऱ्हाईक त्याने सोडलं. त्या दिवसापासून माझा त्याच्यावरचा विश्वास दुप्पट झाला. आपल्याला काय येत नाही हे सांगायलाही ज्ञान लागतं. वर्गात हे वाक्य उच्चारायला आपण किती कचरतो, आठवून पाहा.

एक उपक्रम सुचवतो. शेकडेवारी शिकवताना घरातलं गाडीचं एखादं बिल नाव आणि नंबर झाकून वर्गात आणा. सुटे भाग किती, मजुरी किती, कर किती, हे मुलांनाच काढू द्या. मोठेपणी कोणत्याही काउंटरवर ती भांबावणार नाहीत.

आणि ते 'पाने फिरवत बसशील' हे वाक्य? मी ते सोडलंय. तुम्हीही सोडून पाहा.