तांब्याच्या संयुगाने जिवाणू मेले, म्हणजे नवं औषध सापडलं का?

तांब्याच्या नव्या संयुगाने जिवाणू मारल्याची बातमी अधूनमधून मोबाईलवर फिरते. पाठोपाठ तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिण्याचे सल्लेही येतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. बातमीतलं संयुग बऱ्याचदा ‘शिफ बेस कॉम्प्लेक्स’ असतं.

हे नेमकं काय आहे?

अल्डिहाइड आणि अमाइन एकत्र आले की पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि कार्बन-नायट्रोजनचा दुहेरी बंध तयार होतो. ह्युगो शिफ यांनी १८६४ मध्ये ही अभिक्रिया मांडली. आज दोन्ही पदार्थ इथेनॉलमध्ये तापवायचे आणि त्यात कॉपर ॲसिटेट घालायचं, की बहुतेक वेळा हिरवट किंवा तपकिरी साका मिळतो. महागडी यंत्रं लागत नाहीत, त्यामुळे पीएचडीसाठी हा विषय भलताच सोयीचा!

तांब्याभोवती सेंद्रिय रेणूचं कडं बसल्याने त्याचा विद्युतभार विखुरतो आणि ते जिवाणूच्या स्निग्ध आवरणातून सहज आत शिरतं, असं स्पष्टीकरण दिलं जातं. अनेक शोधनिबंध ते पडताळून न पाहताच पुन्हा लिहितात.

मग अडतं कुठे?

चाचणी बहुतेकदा काचेच्या बशीत होते. जिवाणू वाढले नाहीत ते वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. पण जंतू तर साधं तांबंही मारतं. नाशिकचे द्राक्ष बागायतदार मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण केवड्यावर फवारतात, ते याच जोरावर. म्हणून नुसत्या तांब्याच्या क्षाराशी तुलना नसेल, तर त्या वर्तुळाचं श्रेय नव्या रेणूला देता येत नाही. शिवाय जिवाणू मारणारं संयुग माणसाच्या पेशींनाही मारत असेल, तर उपयोग काय?

तरीही हा शोध सोडून देण्यासारखा नाही. ‘लॅन्सेट’मधल्या अंदाजानुसार २०१९ मध्ये अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे थेट १२.७ लाख मृत्यू झाले. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ‘को-ॲड’ प्रकल्पाने वेगवेगळ्या धातूंच्या ९०६ संयुगांचे निकाल मांडले. मानवी पेशींना अपाय न करता जंतूंवर चालणाऱ्यांचं प्रमाण त्यांत ९.९ टक्के होतं, तर निव्वळ सेंद्रिय रेणूंमध्ये फक्त ०.८७ टक्के. कर्करोगावरचं सिसप्लॅटिन हे प्लॅटिनमचं संयुग तर अमेरिकेत १९७८ पासून मान्यताप्राप्त औषध आहे.

तांब्याचं शिफ बेस अँटिबायोटिक मात्र अजून दुकानात आलेलं नाही. पुढची बातमी शेअर करण्याआधी एवढंच पाहा: चाचणी बशीत झाली, उंदरांवर की माणसांवर?