झुंजीचा प्रश्न आणि गिंडीचा माळ

देशातील विज्ञानवार्ता देणाऱ्या पानांवर एक प्रश्न ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा उगवतो : वाघ आणि सिंह समोरासमोर आले तर कोण जिंकेल? कधी सिंहाच्या जागी रानगवा येतो, कधी मगर. कुनोमध्ये चित्ते आले तेव्हा 'बिबट्या विरुद्ध चित्ता' असा सामना लावून झाला. दोन प्राण्यांची चित्रे, खाली वजनांचे आणि जबड्याच्या दाबाचे आकडे, त्याखाली मतदानाची चौकट. मग मते पडतात, भांडणे होतात, आणि त्या दिवसाची विज्ञानवार्ता संपते.

या खेळावर माझा आक्षेप तो पोरकट आहे म्हणून नाही. पोरकट प्रश्नांतूनच पुष्कळ विज्ञान जन्माला आले आहे. आक्षेप असा की, येथे निसर्गातील स्पर्धेचे जे चित्र विद्यार्थ्याच्या मनावर ठसते ते जवळजवळ सर्वस्वी खोटे असते, आणि त्यावर विज्ञानाचा शिक्का मारलेला असतो. या खोट्या चित्राची किंमत खऱ्या प्राण्यांना मोजावी लागते. ती कशी, हे दाखवण्यासाठी वाचकांना मी चेन्नईच्या गिंडीत नेणार आहे. तेथे वाघही नाही आणि सिंहही नाही.

त्याआधी एक गोष्ट. प्राणी झुंजवून पाहण्याची हौस आपल्याला नवी नाही. बडोद्यास गायकवाडांच्या अग्गडात हत्तींच्या झुंजी होत. कोल्हापुरात साठमारीची जागा आजही त्याच नावाने दाखवतात. मराठीने तो शब्द पुढे राजकारण्यांसाठी राखून ठेवला, हे भाषेचे शहाणपण. पण साठमारी पाहायला गेलेला माणूस आपण तमाशा पाहतो आहोत हे जाणून होता. आपण प्राणिशास्त्राचा धडा गिरवतो आहोत, असा त्याचा समज नव्हता. आजच्या मतदात्याचा तसा समज करून दिला जातो.

आता तो आकड्यांचा तक्ता पाहू. भारतातला प्रौढ नर वाघ साधारण १८० ते २६० किलो, गीरचा नर सिंह साधारण १६० ते १९० किलो. येथवर ठीक. जबड्याच्या दाबाचा जो आकडा फिरतो तो कोणी, कोणत्या प्राण्यावर, कसा मोजला हे बहुधा लिहिलेले नसते. रानातल्या वाघाच्या जबड्यात उपकरण ठेवून असे मोजमाप करता येत नाही. संशोधक कवटीच्या मापांवरून स्नायूंच्या ताकदीचा अंदाज बांधतात, आणि त्याला अंदाजच म्हणतात. पण हे सारे आकडे अचूक धरले तरी तक्ता एका गृहीतावर उभा असतो : दोन्ही प्राणी लढणारच. नेमके हेच गृहीत निसर्गात बहुतेक वेळा फोल ठरते. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ साली 'नेचर'मध्ये प्राण्यांच्या संघर्षाचे जे गणित मांडले, त्याचा रोख याच कोड्यावर होता : शिंगे, सुळे, नखे असूनही प्राणी एकमेकांना ठार का करत नाहीत? उत्तराचा एक भाग असा की, जिंकणाऱ्यालाही जखम होते. सुळा तुटलेला किंवा पंजा फाटलेला वाघ झुंज जिंकून आठवड्याभरात उपाशी मरू शकतो. म्हणून तो गुरगुरतो, वास सोडतो, अंगावर चालून गेल्याचा आव आणतो आणि निघून जातो. पळून जाण्याची वाट बंद करून घेतलेली झुंज रिंगणाविषयी काही सांगते. प्राण्याविषयी फार थोडे.

आणि वाघ-सिंहांचा खरा सामना तर होऊन गेलेला आहे. उत्तर आणि मध्य हिंदुस्थानात शतकानुशतके दोघेही होते. एकाने दुसऱ्याला संपवले नाही. दोघांनाही बंदुकीने आणि नांगराने मागे रेटले.

स्पर्धा म्हणजे मारामारी नव्हे, हे समजण्यासाठी सर्वांत स्वच्छ प्रयोग गेओर्गी गाउझे या तरुण रशियन शास्त्रज्ञाने केला; त्याचे पुस्तक १९३४ साली आले. त्याने काचेच्या नळ्यांत पॅरामेशियमच्या दोन जाती वाढवल्या. वेगवेगळ्या ठेवल्या तेव्हा दोन्ही फोफावल्या. एकत्र ठेवून एकच अन्न दिले तेव्हा ऑरेलिया टिकली, कॉडेटम काही दिवसांत नाहीशी झाली. या जीवांना दात नाहीत, नखे नाहीत; कोणी कोणाला चावले नाही. एकीने अन्न अधिक सफाईने वापरले, एवढेच. गोष्ट येथे संपत नाही, आणि वर्गात बहुधा हाच भाग गाळला जातो : त्याच हरलेल्या कॉडेटमला गाउझेने तिसऱ्या एका जातीबरोबर, बर्सारियाबरोबर ठेवले, तेव्हा एक नळीच्या तळाशी आणि दुसरी वरच्या पाण्यात अशा दोन्ही नांदल्या. म्हणजे कॉडेटम ही 'दुबळी जात' नव्हती. कोणाशी, कशासाठी आणि कोठे, यावर निकाल ठरत होता.

आता गिंडी. चेन्नईच्या ऐन वस्तीत, सरदार पटेल रस्त्याच्या कडेला असलेले हे रान एके काळी मद्रासच्या गव्हर्नरांचे शहराबाहेरचे आवार होते. १९१० साली सुमारे ५०५ हेक्टर क्षेत्र राखीव वन ठरले. स्वातंत्र्यानंतर त्याचे तुकडे पडत गेले : आयआयटी मद्रासला जागा मिळाली, गांधी, राजाजी, कामराज यांची स्मारके उभी राहिली, बालोद्यान आणि सर्पोद्यान आले. उरले ते सुमारे २.७ चौरस किलोमीटर, आणि १९७८ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. देशातल्या सर्वांत लहान राष्ट्रीय उद्यानांपैकी हे एक. आपल्या कर्जत तालुक्यातले रेहेकुरी अभयारण्य साधारण याच मापाचे आहे, २.१७ चौरस किलोमीटर. त्यामुळे मराठी वाचकाला गिंडीचा आकार डोळ्यांपुढे आणणे अवघड जाऊ नये.

या चिमुकल्या रानात काळवीट आणि चितळ असे दोन खुरधारी प्राणी राहतात. चितळ येथे १९४०च्या दशकाच्या अखेरीस आणून सोडला गेला, असे मानले जाते. (जाता जाता : १९४८ ते १९५२ या काळात मद्रासचे राज्यपाल होते भावनगरचे महाराज कृष्णकुमारसिंहजी. भावनगर आणि कोल्हापूर ही पाळलेल्या चित्त्यांकरवी काळविटाची शिकार करणारी प्रसिद्ध संस्थाने. काळविटाचे चपळ पाय ज्या शत्रूने घडवले, त्या शत्रूला दोरीने बांधून फिरवणाऱ्या घराण्याचा पुरुष गिंडीच्या काळविटांच्या शेजारी राहायला आला होता.)

तक्तेवाल्यांची पद्धत येथे लावून पाहू. चितळाचा नर ७० ते ९० किलोंचा, काळविटाचा नर ३० ते ४५ किलोंचा. चितळाच्या शिंगांना फाटे आहेत, काळविटाची शिंगे पिळदार आणि टोकदार आहेत. मत कोणाला? गिंडीत आज चितळांची संख्या काळविटांहून कितीतरी अधिक आहे. तेव्हा वजनावर पैज लावणारा म्हणेल, पाहा, जड प्राणीच जिंकला.

पण हेच दोन प्राणी भावनगरजवळच्या वेळावदरच्या गवताळ सपाटीवर किंवा रेहेकुरीच्या माळावर नेऊन पाहा. तेथे काळविटाचे राज्य आहे आणि चितळ घर करत नाही. वजने तीच, शिंगे तीच, निकाल उलटा. म्हणजे निकाल ठरवणारी गोष्ट तक्त्यात नव्हतीच.

ती गोष्ट जमिनीवर उगवते. काळवीट हा उघड्यावरचा जीव. त्याचे संरक्षण दूरवर जाणाऱ्या नजरेत आणि वेगात आहे. त्याचे मुख्य अन्न गवत. नराला माद्यांपुढे मिरवायला, आपला इलाखा राखायला मोकळे मैदान लागते. झुडपे छातीइतकी वाढली की त्याला शत्रू दिसत नाही, धावता येत नाही. चितळाचे तसे नाही. तो गवत खातो, पाला खातो, झाडाखाली पडलेली फुले-फळे खातो. रानाची कड आणि सावली त्याला मानवते. गिंडीचे मूळ रान कोरड्या सदाहरित जातीचे; तेथल्या मोकळ्या जागांत कोणी लक्ष घातले नाही तर हळूहळू झुडपे आणि मग झाडे शिरतात. टी. आर. शंकर रामन, आर. के. जी. मेनन आणि रमण सुकुमार यांनी गिंडीतल्या या दोन प्राण्यांचा अभ्यास करून १९९६ साली बीएनएचएसच्या नियतकालिकात लेख लिहिला. काळवीट मोकळ्या भागांना चिकटून राहतो आणि चितळ सर्वत्र पसरतो, हे त्यात मांडले आहे. एके काळी पोलोचे मैदान म्हणून वापरलेली मोकळी जागा गिंडीच्या काळविटांना इतकी महत्त्वाची का, हे यावरून कळेल. तेथे एक झुडूप वाढले की चितळाला पानांचा घास मिळतो आणि काळविटाच्या पायाखालची तेवढी जमीन जाते. दोघांनी एकमेकांकडे मान वर करून पाहिलेही नसेल.

ही झुंज चालू असते. पण तिची चित्रफीत निघत नाही, कारण ती दशकांच्या वेगाने चालते. आणि येथेच शहरी निसर्गप्रेमाची गंमत उघडी पडते. झाड वाढले की आपल्याला आनंद होतो, झुडूप तोडले की वाईट वाटते. उघडा माळ दिसला की तो 'ओसाड' वाटतो. सरकारी दफ्तरात तो बहुधा 'पडीक' होतो. मग शाळेची मुले नेऊन तेथे रोपे लावली जातात. नगर-सोलापूरकडच्या माळांचे आपण हेच केले आहे. ज्याच्या डोक्यात 'स्पर्धा म्हणजे झुंज' एवढेच चित्र आहे त्याला काळविटाचा पराभव दिसणारच नाही, कारण त्यात रक्त सांडलेले नाही आणि भोवती सगळे हिरवेगार आहे.

ज्या मृत्यूंत रक्त सांडते त्यांतलाही मारेकरी तक्त्यात नसतो. गिंडीत आणि शेजारच्या आयआयटीच्या आवारात मोठा शिकारी प्राणी उरलेला नाही. हरणे मरतात ती भटक्या कुत्र्यांच्या तोंडी, वाहनाखाली, पोटात प्लास्टिक गेल्याने. 'वाघ विरुद्ध भटका कुत्रा' असे मतदान मी कोठे पाहिलेले नाही. ते घेतले तर निकाल एकतर्फी लागेल, आणि तरीही तो फसवा ठरेल. गीरच्या पूर्व भागात २०१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह मेले. त्यांतील अनेकांत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू सापडला, आणि गोचिडीतून पसरणारा बबेसियाही. हा विषाणू कुत्र्यांत वावरतो. १९९४ साली सेरेंगेटीत याच रोगाने सुमारे एक तृतीयांश सिंह नेले होते. गिंडीपासून फार दूर नसलेल्या वंडलूरच्या प्राणिसंग्रहालयात जून २०२१ मध्ये कोविडची बाधा झालेले दोन सिंह दगावले. भोपाळच्या प्रयोगशाळेने तेथील सिंहांच्या नमुन्यांत डेल्टा प्रकार ओळखला. विषाणूचे वजन किती लिहिणार?

'कोण जिंकेल' ही विचारपद्धती निरुपद्रवी करमणूक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी कुनोचा इतिहास वाचावा. गीरचे सारे सिंह एका टोपलीत आहेत, एक साथ आली तर सारे जातील, म्हणून काहींना मध्य प्रदेशात कुनोला न्यावे, असे शास्त्रज्ञ अनेक वर्षे सांगत होते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१३ रोजी तसा आदेशही दिला. त्या दीर्घ वादात एक प्रश्न पुन्हा पुन्हा उठला : रणथंभोरकडून कुनोत येणारे वाघ सिंहांना जगू देतील का? झुंजीची भीती चर्चेला आली. सिंह हलले नाहीत, आणि पाच वर्षांनी गीरमध्ये विषाणू आला. स्थलांतर रखडण्याची कारणे पुष्कळ होती, राजकीय अधिक. पण साथीचा धोका आणि वाघाची भीती एकाच तागडीत तोलले जाणे, यात आपल्या विज्ञानसाक्षरतेचाही पराभव आहे.

पुढे त्याच कुनोत १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाचे आठ चित्ते उतरले. पानांवर लगेच बिबट्याशी सामना लागला. २०२३च्या पावसाळ्यात जे चित्ते मेले त्यांतील काहींच्या मानेवर गळपट्ट्याखाली जखमा होऊन त्यांत अळ्या पडल्या होत्या. तज्ज्ञांनी दिलेले कारण विलक्षण होते : दक्षिण गोलार्धात जून ते सप्टेंबर हिवाळा असतो, त्या बेताने त्यांच्या अंगावर दाट केस आले, आणि येथे त्याच महिन्यांत पाऊस कोसळत होता. केसांखालची कातडी ओली राहिली. एका प्राण्याचे शरीर, दोन गोलार्धांचे ऋतू आणि एक माशी : शरीरक्रिया, भूगोल, कीटकशास्त्र सारे एका जखमेत एकवटले होते. याहून रोमहर्षक विज्ञानवार्ता कोणती? तिच्यावर मतदान झाले नाही.

कोणी म्हणेल, मुले अशाच प्रश्नांतून प्राण्यांकडे वळतात. खरे आहे. दहा वर्षांच्या मुलाने वाघ-सिंहाचा प्रश्न विचारावा. त्याला 'वाघ' किंवा 'सिंह' एवढे उत्तर देऊन थांबणाऱ्या मोठ्या माणसाशी माझे भांडण आहे. मुलाला विचारा : कोठे? गवत किती उंच आहे तेथे? खायला काय आहे, पाणी कोठे आहे, पळायला वाट आहे का? चौथ्या प्रश्नापर्यंत ते मूल परिसरशास्त्र करू लागलेले असते, आणि त्याला ते कळतही नाही.

या पानाच्या संपादकांना म्हणून एक सूचना करतो. पुढच्या मतदानात एका बाजूला काळवीट ठेवा, दुसऱ्या बाजूला चितळ. वजन, शिंगे, वेग हे सारे आकडे द्या. खाली एकच रकाना वाढवा, 'जमीन', आणि त्यात एकदा रेहेकुरी व एकदा गिंडी लिहून तेच मतदान दोनदा घ्या.